भिंतीवर तीन वेळा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचा हेडलाइट आहे. आहे म्हणतो ते आपलं सवयीने. मोटारसायकल अजून रोज बाहेर पडते, तिला पुढे दिवाही आहे, फक्त तो दिवा आता मी नाही. मी एका शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर छताकडे तोंड करून पडलेला असतो. पाठीला जिथे बल्ब बसायचा तिथे नुसतं भोक आहे. वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगू? फारसं काही वाटत नाही. दिव्याला जे काही वाटतं ते तापल्यावरच वाटतं, आणि मला तापून आता बरेच महिने झाले. तेव्हा माझी गोष्ट जरा थंडपणानेच सांगितली जाईल, ती गोड मानून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्र्याचा गोल तुकडा यंत्रात दाबून त्याची वाटी केली, ती वाटी म्हणजे मी. वाटीला आतून चकचकीत मुलामा दिला. काच बसवण्याआधी एका टेबलावर एक बाई बसलेल्या असत. त्यांचं दिवसभराचं काम एकच, प्रत्येक वाटीत आपला चेहरा पाहायचा. चेहरा उलटा तर दिसायचाच, पण डागाळलेला दिसला की वाटी बाद. त्यांनी माझ्यात पाहिलं, कपाळावर आलेली बट मागे सारली आणि मला पुढे ढकललं. मग माझ्यावर उभ्या रेघांची जाड काच बसली. त्या रेघा शोभेच्या नव्हत्या. उजेड रस्त्यावर कुठे पसरायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत कसा जाऊ द्यायचा नाही, हे त्या रेघा सांभाळत.

बल्ब म्हणजे मी नव्हे, हेही सांगून ठेवतो. बल्ब हे भाडेकरू. कोणी दोन वर्षं नीट राहिला, कोणी दोन महिन्यांत तार तोडून बसला. घर मात्र मीच होतो.

आमची मोटारसायकल घेतली ती वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. दुकानं, गिरण्या, भंगाराची गोदामं, जिथे काही तोललं जातं तिथे तो जायचा. गाडीच्या मागे लाकडी पेटी बांधलेली असे आणि पेटीत पितळी वजनं. सगळे त्याला काटेवाला म्हणत. घरी आणलेली साबणाची वडीसुद्धा तो आधी तोलून बघे. बोलणंही तसंच होतं, मोजूनमापून. सकाळी पेटी बांधायची, दिवसभर फिरायचं आणि दिवेलागणीला घरी परत यायचं, हा त्याचा नेम. त्यामुळे मला काम असे ते शेवटच्या तासाभराचं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझी वीज बॅटरीतून येत नसे. ती थेट इंजिनातून येई. इंजिन जोरात फिरलं की मी जोरात पेटे, इंजिन हळू झालं की मी पिवळा पडत जाई, आणि इंजिन बंद झालं की मीही बंद. चढावर मी ऐटीत असे आणि सिग्नलला उभं राहिलो की माझा चेहरा पडे. तेव्हाच्या बऱ्याच गाड्या अशाच होत्या, त्यात मी काही वेगळा नव्हतो.

काटेवाल्याच्या बायकोला ऐकू येत नाही. लहानपणी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून. ती हातांनी बोलते. लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच तिने नवऱ्याला हातांच्या भाषेतलं एक नाव देऊन टाकलं. दोन्ही तळवे वर करायचे आणि पारड्यांसारखे हलके वर-खाली करायचे, की झाला काटेवाला. ती शिवणकाम करते. घर गल्लीच्या टोकाला आहे आणि घराची खिडकी बरोबर गल्लीकडे तोंड करून आहे. उजेड खांद्यावरून कपड्यावर पडावा म्हणून ती खिडकीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून यंत्रावर बसते. तिच्यासमोरच्या त्या भिंतीवर एक कॅलेंडर सोडून काही नाही.

लग्नानंतरचे पहिले काही दिवस काटेवाल्याचे फार हाल झाले. दिवेलागण झाली की ती दाराला आतून कडी घालून कामाला बसे. हा बाहेर येऊन दार वाजवी. दार वाजवून उपयोग काय? शेजारच्या काकू बाहेर येत, हसत आणि पुन्हा आत जात. एका संध्याकाळी तो अर्धा तास पायरीवर उभा होता. शेवटी वैतागून गाडीवर बसला, इंजिन चालू केलं आणि रागारागाने रेस दिली. मी खिडकीच्या गजांमधून एकदम भिंतीवर मोठा झालो. ती वळली. तिने कडी काढली, आणि दोघेही एकमेकांकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून तो नियमच झाला. वळणावरून गाडी गल्लीत यायची, घरासमोर उभी राहायची आणि काटेवाला तीनदा रेस द्यायचा. मी भिंतीवर तीन वेळा मोठा व्हायचो. तीन वेळा म्हणजे मी आलो. दोन वेळा म्हणजे मी आलो आणि बरोबर पाहुणा आहे. एकदा दुसऱ्या रेसनंतर इंजिन गचके खाऊन बंद पडलं. आत दोनच मोजले गेले. ती पाहुण्याचं ताट वाढून दारात आली आणि काटेवाल्याच्या मागे वाकून वाकून पाहुणा शोधू लागली. शेवटी दोन्ही ताटं त्यालाच संपवावी लागली. काकू मात्र म्हणायच्या, "काटेवाला आला वाटतं. गाडीला उचकी लागली."

दार उघडलं की ती पहिल्यांदा माझ्या काचेवर तळवा ठेवायची. मी किती तापलोय यावरून नवरा आज किती लांबून आला ते तिला कळे. पुढे मुलगी झाली. ती पोर भिंतीवरचा माझा उजेड दोन्ही हातांनी धरायला धावायची आणि रिकाम्या मुठी आईला दाखवायची. माझं कौतुक झालं ते एवढंच. पण मी तेव्हा खूप सुखी होतो आणि ते मला ठाऊकही होतं.

वर्षं गेली. मुलगी शिकली, दुसऱ्या शहरात एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. माझ्या आतला मुलामा काळवंडत गेला, कडेने गंजाचे ठिपके आले. काटेवाला वजनं रोज पुसायचा. त्याच फडक्याने माझी काच पुसायचा आणि उजेड तरी कमीच का, म्हणून पुन्हा पुसायचा. मळ आत होता. आत कोणी कधी बघितलं नाही. त्याच वेळी त्याचे डोळेही कमी होत चालले होते, आणि तेही त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघे एकमेकांचं झाकत होतो, म्हणा ना.

एका संध्याकाळी रस्त्यात पाइपासाठी चर खणला होता. तो चर मला दिसला. पण मला दिसणं आणि त्याला दिसणं यात आता फरक पडला होता. तो गाडीसकट आत गेला. त्याचा उजवा कोपर मोडला आणि वजनं चिखलात विखुरली. लोकांनी त्याला वर काढलं तेव्हा इंजिन बंद होतं, म्हणून मीही बंद होतो. हे मी टाळून पुढे गेलो असतो, पण नाही जात. त्या दिवशी मी कमी पडलो.

प्लास्टर निघालं, पण कोपर पुरता सरळ होईना. काटेवाल्याने पुन्हा किल्लीला हात घातला, तशी मुलगी रजा काढून आली. तिने गाडी चालू करायला लावली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हा हेडलाइट आहे की मेणबत्ती?"

"तीस वर्षं याच्याच उजेडात घरी आलोय मी."

"आणि चरात गेलात, तेही याच्याच उजेडात. हे बघा, एलईडी बसवून घ्या, नाहीतर गाडी विका. तिसरं काही सांगू नका मला."

"गाडी विकली तर गिरण्यांमध्ये पेटी काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

"म्हणून तर म्हणतेय, दिवा बदला."

तिने हेच सगळं हातांनी आईला सांगितलं. आईने नवऱ्याच्या कोपराकडे पाहिलं आणि लगेच मान डोलावली. बदलाच, म्हणाली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मुलीचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

मुलगी परत गेली. गाडीचं वायरिंग करणारा एक मिस्त्री होता. त्याचं डोकं फार लवकर तापायचं, म्हणून सगळे त्याला शॉर्टसर्किट म्हणत. त्याने पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं होतं आणि काटेवाल्याने घरी तसं कळवलंही होतं. पण त्याआधीच एका दुपारी काटेवाला त्या रस्त्याने चालला होता, तर शॉर्टसर्किटने त्याला हाक मारली.

"काका, आत्ता हात मोकळा आहे. घ्या गाडी आत."

आधी त्याने नुसता बल्ब बदलून पाहिला. माझ्या पोटात एलईडीचा बल्ब आला. आजवरच्या भाडेकरूंची तार एका ठरलेल्या जागी असायची. याला तार नव्हतीच, दोन्ही अंगांना पिवळे ठिपके होते. तो पेटला आणि माझ्यातून पांढरा उजेड वाट फुटेल तिकडे गेला. छतावर गेला, पाट्यांवर गेला आणि समोरच्या इस्त्रीवाल्याच्या डोळ्यांत गेला.

"अरे, डोळे फोडतोस का माझे?" इस्त्रीवाला ओरडला.

शिवाय इंजिन हळू झालं की तो बल्ब लुकलुकू लागे. शॉर्टसर्किटने कपाळाला हात लावला. "नाही काका. या बल्बला हे घर नाही चालत. सगळंच बदलू."

त्याने माझी रिंग सोडवली आणि मला बाहेर काढलं. तीस वर्षांत मी कधी त्या जागेवरून हललो नव्हतो. वायर सुटल्या तेव्हा दुखेल असं वाटलं होतं, पण दुखलं नाही. कुणीतरी दुसऱ्याच दिव्याचं काही काढतंय, असं वाटत राहिलं. माझ्या जागी सपाट काचेचा नवा दिवा बसला. मग शॉर्टसर्किटने सीटखाली एक लहान डबी बसवली.

"इंजिनातून येणारी वीज उलटसुलट असते. ही डबी ती सरळ करणार आणि बॅटरीत भरणार. दिवा आता बॅटरीवर. गाडी बंद करून पंधरा मिनिटं दिवा चालू ठेवलात तरी काही होणार नाही. आणि इंजिन कितीही वर-खाली होऊ दे, उजेड हलणार नाही."

"अजिबात?"

"केसभरसुद्धा नाही. तुमच्या काट्यासारखा."

काटेवाला खूश झाला. न हलणारा उजेड त्याला फार पसंत पडला. मित्रांनो, हे शब्द त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले, तरी त्याला घरची भिंत आठवली नाही. मुलीला आठवली नव्हती, आणि जिची भिंत होती तिलाही नाही. रोजची गोष्ट अंगवळणी पडली की ती आहे हेच माणसं विसरतात. मला आठवली होती. पण मी तर वायर सोडलेला होतो.

शॉर्टसर्किटने मला मागे वजनांच्या पेटीवर दोरीने बांधलं. "ठेवा काका. अशी काच आता मिळत नाही," तो म्हणाला. संध्याकाळ झाली आणि आम्ही घरी निघालो. आजवर माझा उजेड पडेल तेवढाच रस्ता मला दिसायचा. आज पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या उजेडात पाहत होतो. खड्डे दिसले, खडे दिसले, बुजवलेल्या त्या चराची कडासुद्धा दिसली. काटेवाला तिथून व्यवस्थित वळसा घालून गेला. नवा दिवा चांगला होता, मला तसं म्हणायला काही जड जात नाही.

गल्लीत शिरलो. गाडी घरासमोर उभी राहिली. काटेवाल्याने तीनदा रेस दिली.

भिंतीवरचा उजेड हलला नाही.

त्याने पुन्हा तीनदा दिली. मग त्याचा हात मुठीवरच थांबला. आता आठवलं त्याला. तो घाईने उतरला आणि दार वाजवू लागला.

आत काय झालं ते मी नंतर तिच्याच हातांनी सांगितलेलं पाहिलं. तीस वर्षांत तिच्या भिंतीवर पडलेला प्रत्येक उजेड एकतर सरकून निघून गेला होता, नाहीतर तीनदा मोठा झाला होता. हा पांढराफटक उजेड आला आणि नुसता उभा राहिला. तिने मागे वळून पाहिलं, तर खिडकीत पांढऱ्या रंगाशिवाय काही दिसेना. नवऱ्याची यायची वेळ झाली होती आणि नवरा तर आला नव्हता, कारण भिंत तसं म्हणत नव्हती. कोणीतरी अनोळखी दाराशी गाडी लावून थांबलं होतं. तिने यंत्राजवळचा दिवा बंद केला, कापड कापायची मोठी कात्री उचलली आणि दाराआड जाऊन उभी राहिली. दारावर हात ठेवला, तर दार हादरत होतं. तिने तोच हात कडीवर दाबून धरला.

बाहेर काटेवाला ओरडत होता. "अगं, मी आहे! मीच आहे!" ज्या बाईला तीस वर्षांत त्याचा एक शब्द ऐकू आला नाही, तिला तो ओरडून सांगत होता. माणूस घाबरला की असंच करतो. त्याने फोन लावला. तिचा फोन आतल्या खोलीत घड्या घातलेल्या कपड्यांवर थरथरत पडला होता. शेजारच्या काकू मुलाकडे गेल्या होत्या. त्याने दाराला खांदा लावायचा विचार केला आणि सोडून दिला, कारण त्याने ती आणखी घाबरली असती. माझ्यात थोडी जरी वीज असती तरी मी तिला सांगितलं असतं. मला ते एकच तर सांगता येत होतं.

खिडकीतून तरी दिसावं म्हणून तो दारापासून खिडकीसमोर आला. तो गाडीच्या पुढ्यात आला, तशी त्याची सावली गजांतून आत भिंतीवर पडली. ठसठशीत, काळी, कॅलेंडरच्या वरपर्यंत. तो थबकला. मग त्याने गाडी बंद केली. मी असतो तर त्याच क्षणी अंधार झाला असता. दिवा चालूच राहिला.

काटेवाला पुन्हा उजेडासमोर उभा राहिला. त्याने दोन्ही तळवे वर केले आणि हलके वर-खाली करू लागला. भिंतीवर दोन पारडी झाली. डावं पारडं खाली गेलं. उजवं खाली जाईना, कारण तो कोपर आता सरळ होत नाही. ते अर्ध्यावरच लटकत राहिलं.

तिने ते पाहिलं. पारडी कोणीही केली असती, पण असं अडलेलं पारडं जगात एकाचंच होतं. कात्री खाली पडल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला. मग कडी वाजली.

ती बाहेर आली आणि तिने नवऱ्याच्या छातीवर दोन गुद्दे घातले. मग रडली. मग सवयीने गाडीच्या दिव्यावर तळवा ठेवला. तो इतक्या लांबून येऊनही गारच होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, तिला मी पेटीवर बांधलेला दिसलो. तिने माझ्यावर तळवा ठेवला. मीही गार होतो.

"उद्या सकाळी हाच परत बसवतो," काटेवाल्याने हातांनी सांगितलं. "मुलीला काय सांगायचं ते मी बघतो."

तिने मान हलवली. नको, म्हणाली. नव्या दिव्याकडे बोट दाखवलं, भिंतीकडे दाखवलं आणि त्याचे दोन्ही हात धरून हलवले. "याच्यापुढे तुम्हाला बोलता येतं."

ते खरंच होतं, मित्रांनो. माझ्या वेळी त्याचा हात रेसच्या मुठीवर असायचा. हात सोडला की मी विझायचो, मग तो बोलणार कशाने? आता तो रोज गाडी बंद करतो, उजेडासमोर उभा राहतो आणि दार उघडायच्या आधी दोन गोष्टी सांगतो. गिरणीतला मोठा काटा दुरुस्त झाला. दोऱ्याची रिळं आणायला विसरलो, रागावू नकोस. ती भिंतीकडे पाहून यंत्रावरच हसते. मी तीस वर्षं तिच्याशी बोललो आणि मला एकच वाक्य येत होतं.

दुसऱ्या दिवशी काटेवाल्याने मला तराजूत घालून तोललं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मी जास्त भरलो. तिने मला पारड्यातून उचललं आणि आपल्या टेबलावर नेलं. कपडा बेतताना वरचा मापाचा कागद सरकू नये म्हणून ती मला त्यावर ठेवते. वजनांच्या घरात मीही शेवटी वजन झालो. संध्याकाळी भिंतीवर सावल्या बोलतात, त्या मी टेबलावरून पाहतो. हेवा वाटत नाही. काहीच वाटत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. जुनं काढून नवं जरूर बसवा. पण बसवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा की हे जुनं तुझं काय काम करत होतं. त्या दिवशी एवढं विचारलं असतं, तर ती कात्री घेऊन दाराआड उभी राहिली नसती. आणि ज्याचं काम संपलं आहे, त्याच्यावर अधूनमधून नुसता हात ठेवा. कापड कापताना ती डावा तळवा माझ्यावर दाबून धरते. पूर्वी ती माझी ऊब बघायची. आता कापून झालं, तिने हात उचलला, की काचेवर तिच्या हाताची ऊब थोडा वेळ राहते. तेवढा वेळ मला काहीतरी वाटतं.